काळी चार, कॅपो पहिल्यावर

बेडरूमच्या कपाटावर, मोठी सूटकेस आणि दिवाळीचा आकाशकंदील यांच्या मधे, काळ्या कव्हरातली गिटार आडवी पडलेली असते. दहावीच्या सुट्टीत मुलांनी हट्टाने घ्यायला लावलेली, तीन महिने क्लासला जाऊन आलेली, मग अकरावी आणि सीईटीच्या धबडग्यात वर चढलेली. आमच्याकडची मुलीची होती. ती नोकरीसाठी बंगळुरूला गेली आणि मी सत्तेचाळिसाव्या वर्षी स्टुलावर चढून गिटार खाली काढली. धूळ झटकत होतो तेव्हा बायको एवढंच म्हणाली, "आता हे काय नवीन?"

पहिल्या संध्याकाळी एका व्हिडिओत बघून 'सी' कॉर्ड धरली. बोटांच्या टोकांत तारा रुतल्या, मनगट आखडलं आणि आवाज आला तो पत्र्याच्या डब्यात चमचे हलवल्यासारखा. निदान लगेच झालं: वय झालं, हे लहानपणीच शिकायचं असतं.

ते निदान चुकलं होतं, हे कळायला दोन महिने गेले. अर्धा दोष गिटारीचा होता. उरलेला अर्धा कानाचा. लहान मूल शिकायला बसतं तेव्हा त्याचा कान आणि बोटं एकाच इयत्तेत असतात; 'सी' कशीबशी वाजली तरी ते खूश. आपला कान मात्र चाळीस वर्षं भावगीतं, नाट्यपदं, सिनेमाची गाणी ऐकून एम. ए. झालेला असतो आणि बोटं बालवाडीत. आपण किती वाईट वाजवतोय हे आपल्याला पहिल्या मिनिटाला कळतं. माझ्या मते मोठी माणसं गिटार सोडतात ती बोटांपेक्षा या कानामुळे. पण हाच कान आपलं भांडवलही आहे. ते कसं वापरायचं, हे सांगण्यासाठी हा लेख.

तीन एटीएम कार्डं

सुरुवात वाद्यापासून करू, कारण बोटांवर येणारे निम्मे आरोप खरं तर वाद्यावर यायला हवेत. तार फ्रेटपासून किती उंच आहे याला गिटारवाले 'ॲक्शन' म्हणतात. ती मोजायला खास पट्टी लागत नाही. एटीएम कार्डाची जाडी जगभर ठरलेली आहे, ०.७६ मिलिमीटर. मानेवर जिथे दोन ठिपके शेजारी-शेजारी असतात तो बारावा फ्रेट. तिथे फ्रेट आणि सगळ्यात जाड तार यांच्या मधे सपाट कार्डं एकावर एक सरकवून बघा. जाड तारेखाली तीन आणि बारीक तारेखाली दोन कार्डं जेमतेम बसली, तर गिटार नवशिक्याच्या हाताला बरी. माझ्या गिटारीत पाच कार्डं गेली आणि वर वारा खेळायला जागा उरली. विकणाऱ्याने मुलीला सांगितलं होतं, "सवय होते हो!" तिने बिचारीने तीन महिने सवय करून घेतली आणि मग सोडून दिलं.

दुरुस्ती करणाऱ्याने एका तासात काम केलं. ब्रिजवरची हाडासारखी पट्टी, म्हणजे सॅडल, खालून घासली. मानेच्या आत एक लोखंडी सळई असते, ट्रस रॉड. ती किल्लीने किंचित पिळली. गंजलेल्या तारा काढून 'दहा'चा सेट घातला. दहाचा म्हणजे ज्यातली सगळ्यात बारीक तार एक इंचाच्या दहा सहस्रांशांची असते, पाव मिलिमीटर. नव्या गिटारीवर बहुतेक वेळा बाराचा किंवा अकराचा असतो. बाराच्या सहा तारा मिळून लाकडाला साधारण ७० किलोंचा ताण देतात. एक तरणाबांड माणूस रात्रंदिवस ब्रिजला लोंबकळलेला आहे असं समजा. दहाच्या सेटचा ताण बराच कमी, आणि बोटांनाही तो लगेच जाणवतो.

एवढा ताण सोसणारी पुढची फळी जेमतेम तीन मिलिमीटरची. त्यात आपली हवा. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात लाकूड ओलावा पितं, फळी फुगते, ब्रिज वर उचलला जातो आणि तारा आपोआप उंच होतात. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात उलटं: लाकूड आक्रसतं, फ्रेटची टोकं मानेच्या कडेला बोचायला लागतात, कधी फळीला चीर जाते. गिटारीला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. म्हणून पावसाळ्यात केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या, कोरड्या उन्हाळ्यात भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओलसर स्पंज. आणि कुठल्याही ऋतूत गिटार गाडीच्या डिकीत विसरायची नाही.

नवी घ्यायची असेल तर आधी मांडीवर घेऊन बसा. दुकानात सर्रास दिसतो तो भला मोठा आकार 'ड्रेडनॉट'. १९०६ च्या ब्रिटिश युद्धनौकेवरून हे नाव पडलं. अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीने १९१६ मध्ये तो आकार प्रथम बनवला. बाई असो वा पुरुष, चण लहान असेल तर ड्रेडनॉटवरून हात टाकताना उजवा खांदा कानापर्यंत चढतो आणि पंधरा मिनिटांत दुखायला लागतो. लहान बांध्याची गिटार मिळते, ती मागायला लाजू नये. नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार बोटांना मऊ असते, पण तिची मान रुंद. स्टीलच्या गिटारीची रुंदी तारा सुरू होतात तिथे ४३-४४ मिमी, क्लासिकलची ५२ च्या आसपास. लहान पंजाला हा फरक मोठा वाटतो.

बोट कुठे ठेवायचं

सतार पाहिलेल्या माणसाला फ्रेट म्हणजे पडदा हे सांगावं लागत नाही. बोट कुठेही टेकवलं तरी तार संपते पडद्यावर. त्यामुळे बोट पडद्याच्या अगदी मागे, त्याला चिकटून असेल तर कमी जोर लागतो; दोन पडद्यांच्या मधोमध असेल तर तेवढ्याच आवाजासाठी जास्त. एक प्रयोग करा. एक तार दाबून वाजवत राहा आणि बोटाचा जोर थोडा थोडा कमी करा. कधीतरी तार झणझणायला लागेल. तिथून केसभर जोर वाढवा. गिटारीला तेवढाच हवा होता, बाकीचा आपण घाबरून लावत होतो.

टोकांची कातडी घट्ट व्हायला रोज वाजवलं तर दोन ते चार आठवडे लागतात. भांडी घासून किंवा आंघोळ करून लगेच बसू नका. भिजलेल्या कातडीत तारा जास्त रुततात. टोकं हुळहुळणं ठीक आहे. बोटांना मुंग्या येणं, बधिरपणा, मनगटात कळ हे मात्र ठीक नाही. थांबा, आणि राहिलं तर डॉक्टरला दाखवा. मानेचा त्रास असलेल्यांनी आणखी एक पाहावं: फ्रेट दिसावेत म्हणून आपण गिटार आडवी कलती करतो आणि तिच्यावर वाकतो. गिटार उभी सरळ ठेवा. सुरुवातीला बोटं दिसणार नाहीत, पण महिन्याभरात ती न बघता जागा शोधायला लागतात.

पहिल्या फ्रेटजवळ बोटं ताणली जातात याचं कारण गणितात आहे. पडदे समान अंतरावर नसतात. प्रत्येक पडद्यानंतर उरलेल्या तारेचा साधारण अठरावा भाग कमी होत जातो. गॅलिलिओचे वडील व्हिन्चेन्झो गॅलिली यांनी १५८१ मध्ये ल्यूट या वाद्यासाठी १८ ला १७ हेच प्रमाण सुचवलं होतं. ६५० मिमी लांबीच्या तारेवर पहिलं घर साधारण ३६ मिमीचं येतं आणि बारावं १९ चं. म्हणजे नवशिक्याला आपण सगळ्यात रुंद घरांत बसवतो. त्याला उपाय कॅपो, तारांवर आडवा बसणारा चिमटा. तो पाचव्या फ्रेटवर लावला की पुढचं घर २७ मिमीचं होतं आणि ताराही खाली येतात. पहिले दोन-तीन आठवडे कॅपो पाचव्यावर ठेवून त्याच कॉर्ड धरा, मग दर आठवड्याला एकेक घर मागे या. पोहायला शिकताना कुणी खोल टोकाकडून सुरुवात करत नाही.

एफचा घाट

कपाटावरच्या बहुतेक गिटारी 'एफ'पाशी अडकलेल्या असतात. तर्जनी आडवी टाकून सहाही तारा दाबायच्या, त्याही पहिल्याच घरात. नीट पाहिलं तर तर्जनीवर सहा तारांचं ओझं नाहीच. पाचवी, चौथी आणि तिसरी तार बाकीची तीन बोटं सांभाळतात. तर्जनीने दाबायच्या फक्त तीन: सगळ्यात जाड आणि सगळ्यात बारीक दोन. त्यामुळे बोट मधे थोडं उचललेलं असलं तरी चालतं. तर्जनीची मऊ बाजू न वापरता अंगठ्याकडची हाडाची कड वापरा. अंगठ्याने चिमटा काढण्यापेक्षा कोपर पोटाकडे आणून दंडाच्या वजनाने मान मागे ओढा. आणि हा आकार पहिल्यांदा पाचव्या घरात शिका, पहिल्यात शेवटी या.

तोवर काय? तोवर घाट टाळून जाणारा रस्ता धरा. तो रस्ता आपल्या कानातून जातो.

सा कुठे आहे

मुंबईत गिटार शिकवण्याची परंपरा बरीचशी गोव्यातून आली. पोर्तुगीज काळात तिथल्या चर्चच्या शाळांत स्वरलेखन शिकलेले वादक पुढे मुंबईत आले, हॉटेलांच्या बँडमध्ये आणि सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवू लागले. त्यामुळे क्लासमध्ये भाषा ए-बी-सी-डीची. घरी भजनात वाढलेला माणूस तिथे बावचळतो. त्याची बाराखडी पेटीवरची असते: आईची पट्टी काळी चार, काकांची पांढरी दोन. ही बाराखडी फेकून द्यायची गरज नाही.

गिटारीच्या मोकळ्या सहा तारा जाडीकडून बारीककडे ई, ए, डी, जी, बी, ई. पांढरी एक, म्हणजे 'सी', सा धरली तर याच तारा होतात ग, ध, रे, प, नि, ग. सगळे शुद्ध. पेटीच्या मधल्या सप्तकातला ग म्हणजे सगळ्यात बारीक तार. सगळ्यात जाड तिच्याखाली बरोबर दोन सप्तकं. ट्यूनर ॲप वापरा, पण वापरून झाल्यावर तार कानानेही तपासा. ट्यूनरचा हिरवा दिवा विसरतो, कानाला लक्षात राहतं.

कॉर्ड म्हणजे एकदम वाजणारे तीन स्वर. 'सी' म्हणजे सा-ग-प. 'ए मायनर' म्हणजे ध-सा-ग. दोन स्वर सामाईक, म्हणूनच 'सी'वरून 'ए मायनर'ला जाताना तर्जनी आणि मधलं बोट जागचं हलत नाही. फक्त अनामिका पाचव्या तारेवरून तिसरीवर उडी मारते. हे पाठ करावं लागत नाही, कारण त्यामागचं कारण कानाला आधीच माहीत आहे. साध्या चालीच्या बऱ्याच गाण्यांना तीन कॉर्ड पुरतात: साची, मची आणि पची. गाणं साकडे परत आलं की साची. ओळ अधांतरी थांबून पुढचं काही मागतेय असं वाटलं की बहुधा पची. पुस्तक मिटून हे ओळखायचा खेळ खेळा. तिथे चाळिशीचा माणूस दहावीतल्या मुलाला सहज मागे टाकतो.

आता घाट टाळणारा रस्ता. 'सी' आकारात वाजवलं की मची कॉर्ड एफ, म्हणजे घाट समोरच. 'जी' आकार धरला तर सा म्हणजे जी, म म्हणजे सी, प म्हणजे डी. तिन्ही मोकळ्या, एफ वाटेत नाही. मग पट्टीचं काय? पट्टी कॅपो बदलतो. प्रत्येक फ्रेट म्हणजे पेटीवरची पुढची पट्टी, काळी असो की पांढरी. जी म्हणजे पांढरी पाच. कॅपो पहिल्या फ्रेटवर लावला की तोच आकार काळी चार होतो, तिसऱ्यावर काळी पाच. गाणाऱ्या बायकांच्या पट्ट्या बहुतेक वेळा याच आसपास. पुरुषाची काळी एक असेल तर 'ए' आकार घ्या आणि कॅपो चौथ्यावर. कॉर्ड लागतात ए, डी, ई. पांढरी दोन असेल तर 'डी' आकार, कॅपो नको. काळी दोनला तोच आकार, कॅपो पहिल्यावर. कॅपो म्हणजे लबाडी असं काही लोक म्हणतात. पेटीवर काळी चारमध्ये गाणाऱ्याला आपण लबाड म्हणत नाही.

एक सावधगिरी. तयार कानाला 'सी' कॉर्डमधला ग किंचित चढा वाटेल. तो चढाच आहे. बारा समान भाग करताना गंधार तंबोऱ्यातल्या स्वयंभू गंधारापेक्षा सेमीटोनच्या सातव्या भागाइतका वर जातो. पेटीतही हेच होतं. दोष तुमच्या हाताचा नाही, वाद्याने केलेली ती तडजोड आहे. त्यापायी खुंट्या पिळत बसू नका.

उजवा हात थांबत नाही

डावा हात दुखतो म्हणून सगळं लक्ष त्याच्याकडे जातं, पण ऐकणाऱ्याला आधी कळतो उजवा. केरवा हातावर मोजता येत असेल तर स्ट्रमिंगचा अर्धा धडा झाला. आठ मात्रा: विषम मात्रेला हात खाली, सम मात्रेला वर. काही मात्रांना तार लागू द्यायची नाही, हात मात्र हवेतून जाऊ द्यायचा. वेगवेगळे 'पॅटर्न' म्हणून जे शिकवतात ते यातल्या कुठल्या मात्रा गाळल्या एवढंच. दादऱ्याला पहिल्या मात्रेवर एक जाड तार आणि पुढच्या दोन मात्रांना बारीक तारांवर हलके फटके. चौथीपासून तेच पुन्हा.

नवशिक्या एक चूक हमखास करतो. कॉर्ड बदलताना डावा हात अडखळला की उजवा त्याच्यासाठी थांबतो. रस्त्यात चप्पल तुटली म्हणून वरात थांबत नाही. डावा पोचला नसेल तर मोकळ्या तारा वाजू द्या, पण उजवा चालू ठेवा. चुकीचा स्वर क्षणात विरतो, तुटलेली लय सगळ्यांना ऐकू येते.

पंधरा मिनिटं

रविवारी दोन तास वाजवण्यापेक्षा रोज पंधरा मिनिटं वाजवा. हाताची नवी हालचाल दोन बैठकींच्या मधल्या वेळात, विशेषतः झोपेत, पक्की होत जाते. काल न जमलेला बदल आज सकाळी सुटतो, हा अनुभव प्रत्येकाला येतो. पंधरातली पाच मिनिटं एकाच बदलाला द्या. घड्याळ लावून एका मिनिटात 'जी' ते 'डी' किती वेळा स्वच्छ होतं ते मोजा आणि कॅलेंडरवर त्या दिवशीच्या चौकटीत लिहा. माझे आकडे ९, ११, १०, १४ असे रांगत गेले. दोन महिन्यांनी चाळीस झाले तेव्हा कानाला अजूनही वाईटच वाजतंय असं वाटत होतं. कान प्रगती मोजत नाही, उणीव मोजतो. म्हणून आकडा लिहून ठेवायचा.

पॉल फिट्स आणि मायकेल पोस्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये कुठलंही हस्तकौशल्य शिकण्याचे तीन टप्पे मांडले. आधी प्रत्येक हालचाल विचार करून होते, मग चुका कमी होत जातात, शेवटी हात आपोआप चालतो. गाडी शिकताना क्लच आणि गिअर यांनी घाम फोडला होता, आज त्याच हाताने आपण गिअर टाकत भाजीचा भाव बोलतो. पहिल्या टप्प्यावरच्या माणसाला वाटतं, हा टप्पा म्हणजेच आपली कुवत. गॅरी मार्कस हा न्यूयॉर्क विद्यापीठातला मानसशास्त्रज्ञ चाळिशीच्या उंबरठ्यावर गिटारकडे वळला. तालाचं अंग अजिबात नाही, असं तो स्वतःबद्दल सांगतो. शिकण्यासाठी तो शाळकरी मुलांच्या बँड शिबिरातही जाऊन बसला. २०१२ मध्ये आलेल्या 'गिटार झीरो' या पुस्तकात त्याने हे लिहिलं आहे. लहानपणी शिकला नाहीत तर दार कायमचं बंद होतं, ही समजूत बरीच फुगवलेली आहे हे त्याने स्वतःवर प्रयोग करून दाखवलं.

आणखी एक साधी गोष्ट. गिटार कव्हरातून काढून स्टँडवर, जाता-येता हात लागेल अशी ठेवा. कव्हराची चेन उघडण्याचा कंटाळा हे न वाजवण्याचं माझ्या घरातलं सगळ्यात मोठं कारण होतं.

पहिल्या कोजागिरीला गच्चीवर मसाला दूध उकळत होतं. बायकोने मागे लागून गिटार वर आणायला लावली. शेजारच्या विंगमधल्या ताई भजनी मंडळात गातात. म्हटलं, "ताई, पट्टी कुठली तुमची?" त्या म्हणाल्या, "काळी चार. तुमचं ते सी-डी मला नाही कळत." कॅपो पहिल्यावर लावला आणि जी धरली. मी मात्रा मोजून घ्यायच्या आतच त्यांनी गाणं उचललं. पहिलं कडवं कसंबसं निभावलं, दुसरं बरं गेलं. तिसऱ्यात 'डी'ला पोचायला बोटांना उशीर झाला आणि मोकळ्या तारा वाजल्या. उजवा हात थांबला नाही. त्यामुळे ताईही थांबल्या नाहीत.